गाडी कारखान्याची, गाणे धन्याचे

बैलगाडी सुताराकडून येते, चाकांवर लोखंडी धाव लोहार चढवितो. पण बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा मात्र गाडीबरोबर येत नाहीत. त्या शेतकरी जत्रेतून स्वतः निवडून आणतो. दहा माळा हातात घेऊन हलवितो, कान देऊन ऐकतो आणि अकराव्या माळेवर त्याचे मन बसते. गाडीची किंमत सांगताना कोणी घुंगरांचा हिशेब धरीत नाही. तरीही रात्रीच्या अंधारात घरची माणसे आपली गाडी ओळखतात ती त्या नादावरूनच. वाहन एकाने घडवावे आणि त्यातला नाद धन्याने आपल्या मनाजोगा घालावा, ही रीत मोटारीहून कितीतरी जुनी आहे. मोटारीत ती रुजली त्याला आता कोठे शंभर वर्षे होत आली आहेत. आणि एवढ्यात तिच्यावर मोठे गंडांतर आले आहे.

मोटारीतल्या आवाजाचा इतिहास बहुधा शोधांची जंत्री म्हणून सांगितला जातो. अमुक साली रेडिओ आला, तमुक साली टेप आली, मग तबकडी आली, इत्यादी. जंत्री खोटी नाही. पण तिच्याखाली एक जुने भांडण वाहते आहे आणि ते जंत्रीत दिसत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत फेरफार करण्याचा हक्क कोणाचा, तिच्या कर्त्याचा की तिच्या धन्याचा? मोटारीच्या डॅशबोर्डमागे जितक्या तारा आहेत तितकी या प्रश्नाची उत्तरे आजवर दिली गेली आहेत.

१

अमेरिकेत पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल आकाशमार्गे ऐकविले आणि तेथून त्या देशाला रेडिओचे वेड लागले. त्याच काळात तेथे मोटारही घरोघर पोहोचत होती. ही दोन वेडे एकत्र येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. परंतु घरातला रेडिओ उचलून मोटारीत ठेवला म्हणजे तो गाऊ लागतो असे नव्हते. वाटेत तीन अडचणी उभ्या होत्या.

पहिली अडचण विजेची. त्या वेळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांच्या आतली तार तापविण्यास थोडा विद्युत्‌दाब पुरे, परंतु त्यांच्याकडून काम करून घ्यायचे तर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे. आणि मोटारीची बॅटरी होती अवघी सहा व्होल्टची. म्हणून गाडीच्या तळाशी फळ्या कापून खास कोरड्या बॅटऱ्यांचे ओझे बसवावे लागे. त्या काही दिवसांत संपत आणि पुन्हा नव्या घ्याव्या लागत. दुसरी अडचण इंजिनाची. पेट्रोल पेटविणारी प्रत्येक ठिणगी ही स्वतःच एक लहानसे, बेसूर रेडिओ केंद्र असते. गाडी उभी असताना गाणे ऐकू येई, सुरू केली की कर्कश खरखर. मग प्रत्येक स्पार्क प्लगच्या तारेवर विद्युत्‌रोधक बसवून ती खरखर दाबावी लागे. तिसरी अडचण एरियलची. ते कोठे लावायचे? त्या काळी पुष्कळ मोटारींचे छत कापडी असे. कारागीर छताचे आतले अस्तर उसवीत, त्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी पसरीत आणि पुन्हा शिवून टाकीत. रेडिओ बसविणे हे अशा रीतीने सुतार, शिंपी आणि वीजमिस्त्री या तिघांचे मिळून एक काम होते, आणि त्यात दिवसच्या दिवस जात.

शिकागो शहरातील पॉल गॅल्व्हिन हा या धंद्यात शिरला तो हौसेने नव्हे, पोटासाठी. बॅटरीच्या व्यवसायात तो आधी दोनदा बुडाला होता. दिवाळ्यात निघालेल्या एका कंपनीची यंत्रसामग्री लिलावात साडेसातशे डॉलरला घेऊन त्याने आणि त्याचा भाऊ जोसेफ याने सप्टेंबर १९२८ मध्ये गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन काढली. बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालविणारे एक उपकरण ते करीत. पण थेट विजेवर चालणारे रेडिओच बाजारात आले, त्यापाठोपाठ १९२९ ची मंदी आली, आणि त्या उपकरणाला गिऱ्हाईक उरेना. मोटारीसाठी स्वस्तात बसविता येईल असा रेडिओ करून पाहणे हा या बुडत्या माणसाने धरलेला आधार होता. विल्यम लियर आणि एल्मर वेव्हरिंग या दोन तरुणांचा त्या खटपटीत मोठा वाटा होता. ही नावे लक्षात ठेवावी; त्यांतले पहिले आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

गॅल्व्हिनची एक गोष्ट अमेरिकेत अजून सांगतात. कर्ज मिळावे म्हणून त्याने एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत आपला रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात ती पॅकार्ड पेटली. कर्ज अर्थातच मिळाले नाही. गोष्टीला मीठमसाला किती लागला असेल तो असो. पण तारेतून जाणारी वीज ही आग असते, ती फक्त आपल्या मर्जीत आहे तोवर गाणे म्हणते, हा या धंद्याचा पहिला धडा त्या गोष्टीत पुरेपूर आहे.

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. गॅल्व्हिनपाशी तेथे गाळा घेण्याइतके पैसे नव्हते. त्याने आपल्या स्टूडबेकर गाडीत रेडिओ बसविला, शिकागोहून शेकडो मैल गाडी हाकीत तेथे गेला, अधिवेशनाच्या दारात ती उभी केली आणि आवाज मोठा करून ठेवला. येणारेजाणारे थांबू लागले, मागण्या आल्या. मोटार आणि व्हिक्ट्रोला या नावांची सांगड घालून त्याने आपल्या रेडिओचे नाव ठेविले मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये साऱ्या कंपनीनेच ते नाव घेतले. या पहिल्या रेडिओची किंमत होती शंभराहून अधिक डॉलर. आणि फोर्डची नवी कोरी मोटार त्या वेळी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे. म्हणजे गाडीच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम माणसे केवळ आवाजासाठी मोजीत होती, आणि तीही मंदीच्या दिवसांत! युरोपात तर याहून कडी झाली. जर्मनीत १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा मोटारीसाठीचा रेडिओ निघाला, त्याला ४६५ मार्क पडत. तेथे ती एका लहान मोटारीच्या किमतीची सुमारे तिजाई होती.

विजेच्या अडचणीवर लवकरच एक नामी तोड निघाली. तिचे नाव व्हायब्रेटर. शाळेच्या विजेच्या घंटेत जशी पट्टी थरथरते तशी एक पातळ पट्टी या डबीत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरे आणि बॅटरीचा सरळ प्रवाह तोडजोड करीत राही. सरळ प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही, तुटक प्रवाह चालतो. त्यामुळे सहा व्होल्टचे दोनशे व्होल्ट करता येऊ लागले आणि तळाच्या बॅटऱ्यांचे ओझे गेले. रेडिओ लावला की गाण्याच्या आधी या डबीची गुणगुण ऐकू येई. ही डबी वाचकांनी ध्यानात ठेवावी. चाळीस वर्षांनी ती वेगळ्या वेषात परत येते.

लोकांना हे नवे खूळ रुचले, तसे शहाण्यांना खुपलेही. गाडी हाकणाऱ्याचे चित्त गाण्याकडे जाईल, त्याला डुलकी लागेल, अपघात होतील, असा ओरडा झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुई शहरात मोटारीतल्या रेडिओवर बंदी घालण्याच्या हालचाली झाल्या. कारखानदारांनी उलट सांगितले, की रेडिओमुळे एकट्या माणसाची झोप उडते आणि पुढच्या रस्त्याची, हवामानाची वार्ता कळते. बंदी काही आली नाही. परंतु आक्षेप खोटा होता असे मात्र कोणी म्हणू नये. तो केवळ हरला.

२

प्रथम जे बाहेरून येते ते चालले की घरात घेतले जाते, हा व्यापाराचा नियमच आहे. तीसचे दशक सरत आले तोवर मोटारींच्या डॅशबोर्डात रेडिओसाठी जागा राखून ठेवली जाऊ लागली, आणि गाडी विकणाराच तिच्या मापाचा रेडिओ बसवून देऊ लागला. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. त्यानंतर आठच वर्षांनी, १९५५ मध्ये, फिल्को कंपनीने केलेला निव्वळ ट्रान्झिस्टरचा रेडिओ क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीसाठी जाहीर केला. व्हॉल्व्ह गेले, त्यांच्याबरोबर दोनशे व्होल्टची गरज गेली आणि व्हायब्रेटरची गुणगुणही गेली.

परंतु रेडिओचे एक उणे होते. तो बोलेल ते ऐकायचे. आपल्याला हवे ते गाणे मागता येत नव्हते. ही मागणी पुरी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न कारखान्याने स्वतः केला, आणि त्याची फजिती हा या इतिहासातला फार बोलका भाग आहे. १९५६ सालच्या क्रायस्लर गाड्यांत डॅशबोर्डाखाली चक्क एक ग्रामोफोन बसवून मिळू लागला. त्याचे नाव हायवे हाय-फाय. तो सीबीएस प्रयोगशाळेच्या पीटर गोल्डमार्क यांनी घडविला होता. लांब चालणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचे जनक म्हणून त्यांचे नाव आधीच झाले होते. खड्ड्यांतून गाडी गेली तरी सुई सहसा उडू नये अशी योजना त्यांनी केली. सात इंचांची तबकडी मिनिटाला पावणेसतरा फेऱ्यांहून थोडी कमी फिरे, आणि एका बाजूला पाऊण ते एक तास वाजे. करामत मोठीच होती. पण या तबकड्या फक्त कोलंबिया कंपनीच्याच मिळत. घरातली तबकडी गाडीत चालेना आणि गाडीतली घरात. गिऱ्हाइकाला गाणे हवे होते, कारखान्याने त्याला आपली शिधापत्रिका दिली. थोड्याच वर्षांत हा प्रकार बंद पडला.

कारखान्याला जे साधले नाही ते बाहेरच्या एका इरसाल माणसाने केले. कॅलिफोर्नियातला अर्ल मंट्झ हा जुन्या मोटारी विकणारा व्यापारी. आपल्या विक्षिप्त जाहिरातींमुळे तो स्वतःला अभिमानाने ‘मॅडमन’ म्हणवून घेई. रेडिओ केंद्रांवर जाहिराती वाजविण्यासाठी बिनटोकाच्या फितीची एक डबी वापरीत. साठच्या दशकाच्या आरंभी मंट्झने तीच कल्पना उचलून चार पट्ट्यांची स्टिरिओ डबी काढली आणि ती वाजविणारी यंत्रे गाड्यांत लटकावून देण्याचा सपाटा लावला. सुईची भानगडच उरली नाही; डबी खुपसली की गाणे.

येथे विल्यम लियर पुन्हा रंगमंचावर येतो. मधल्या काळात त्याने विमानांचा धंदा केला होता, त्याच्या नावाचे जेट विमान जगभर गाजत होते. मंट्झचे यंत्र पाहून त्याने १९६४ मध्ये चारऐवजी आठ पट्ट्यांची डबी सिद्ध केली. फोर्ड कंपनीने आपल्या १९६६ सालच्या गाड्यांत ती जोडसाहित्य म्हणून देऊ केली. यंत्रे केली मोटोरोलाने, आणि आरसीए कंपनीने पहिल्या झटक्यास पावणेदोनशे डब्या बाजारात आणल्या. शिकागोतल्या बुडत्या दुकानात एकत्र आलेली नावे पस्तीस वर्षांनी पुन्हा एका डॅशबोर्डात भेटली. या डबीला एक खोड होती. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना ती खट्‌ असा आवाज करी, आणि तो खटका कधीकधी गाण्याच्या ऐन मध्यावर येई. तरीही लोकांनी ती दहा-बारा वर्षे डोक्यावर घेतली. कोणते गाणे केव्हा लागावे हे ठरविण्याचे सुख खटक्यापेक्षा मोठे होते.

तिला मागे सारले ते फिलिप्सच्या कॅसेटने. ल्यू ओटेन्स यांच्या हाताखाली घडलेली ही चिमुकली डबी ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. ती आरंभी आवाजाच्या दृष्टीने आठ पट्टीवाल्या डबीच्या पासंगालाही पुरत नव्हती. मग ती जिंकली कशी? फिलिप्सने आपला नमुना इतर कारखानदारांना मोबदल्यावाचून वापरू दिला, आणि जिच्यात घरच्या घरी कोणालाही आपले गाणे भरता येईल अशी ती डबी होती. क्रायस्लरची तबकडी कुंपण घातलेल्या मळ्यातली होती. कॅसेट गावच्या पाणवठ्यासारखी होती.

३

सत्तरच्या दशकात या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. कारखान्यातून येणारा रेडिओ आता बऱ्याच गाड्यांत होता, पण त्याचे स्पीकर कागदी आणि किडमिडे असत. मग कानसेनांनी कारखान्याचा संच काढून आपला बसविण्याचा, किंवा तो ठेवून त्याच्या पाठीशी दुसरी यंत्रे उभी करण्याचा उद्योग आरंभिला.

यातले गणित सोपे आहे. इयत्ता नववीचा मुलगा ते करील. चालू गाडीत चौदा व्होल्टच्या आसपास दाब असतो. मोटारीतला स्पीकर बहुधा चार ओहमचा. एवढ्या दाबाने या स्पीकरात सरळ रीतीने वीस-पंचवीस वॅटच्या वर खरी ताकद घालताच येत नाही. डब्यावर काहीही छापलेले असो! अधिक हवे तर दाब वाढविला पाहिजे. म्हणून नव्या ॲम्प्लिफायरांत अशी योजना आली की ट्रान्झिस्टरांनी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडावा, ट्रान्सफॉर्मरने तो चढवावा आणि मग त्यावर ॲम्प्लिफायर चालवावा. वाचकांना ओळख पटली असेल. ही तीच व्हायब्रेटरची डबी. फक्त आता ती माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने थरथरते.

ताकद वाढली की तिच्याबरोबर जोखीम वाढते. खरोखरीचे पाचशे वॅट हवे असतील तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून चाळीस अँपिअरहून अधिक प्रवाह ओढावा लागतो. बारीक तारेतून तो ओढला तर ती तार शेगडी होते. म्हणून जाणता मिस्त्री जाड तार घेतो, पत्र्याच्या भोकातून ती नेताना रबरी कडे घालतो, आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, फ्यूज बसवितो. फ्यूज यंत्राजवळ बसविला तर यंत्र वाचेल, पण बॅटरीपासून तेथवरची सगळी तार उघडी पडते. कोठे पत्र्याला घासून ती सोलली की मग गॅल्व्हिनच्या पॅकार्डची गोष्ट नव्याने सांगण्याची पाळी येते. या साध्या शिस्तीवर गाड्या आणि माणसे दोन्ही तगतात.

या हौसेला मोठी मदत झाली ती एका मापाची. जर्मनीच्या मानकसंस्थेने रेडिओच्या खिडकीसाठी १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असे माप ठरविले, आणि हळूहळू ते जगाने मानले. गाडी कोणाचीही असो, खिडकी तीच. मग कोणत्याही कारखान्याचा संच कोणत्याही गाडीत सरकू लागला. जपान्यांनी याच मापाची दुप्पट उंचीची खिडकी रूढ केली. दोन बोटांच्या एका पोकळीने केवढा व्यापार आणि केवढे स्वातंत्र्य निर्माण केले!

स्वातंत्र्याबरोबर चोरही आले. जो संच चुटकीसरशी आत सरकतो तो तसाच बाहेरही येतो. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोक मोटारीच्या काचेवर ‘आत रेडिओ नाही’ अशा पाट्या लावून गाडी उभी करीत. काही संचांना मूठ असे आणि धनी गाडीतून उतरताना डब्यासारखा तो हातात घेऊन फिरे. पुढे फक्त दर्शनी पट्टी काढून खिशात टाकता येऊ लागली.

४

आपल्याकडे हा इतिहास थोडा उशिरा आणि अगदी वेगळ्या चालीने आला. १९३३ च्या कायद्यान्वये आपल्या देशात रेडिओ बाळगायलाच सरकारी परवाना लागे. टपाल कचेरीत जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. ही पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. अँबेसेडर आणि फियाट या आपल्या दोन थोरल्या गाड्या. त्यांत कारखान्याचा आवाज म्हणजे बहुधा इंजिनाचा आवाज! गाणे पाहिजे असेल तर ते बाहेरून आणायचे. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड होता. तेथे सुट्या भागांपासून तयार संचापर्यंत सर्व काही मिळे, आणि ते बसवून देणारे मिस्त्रीही मिळत. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन पेटीवजा स्पीकर ठेवलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ज्याने पाहिली नाही असा मुंबईकर विरळा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्याबरोबर एक घरगुती दिवाणखानाही गेला, कारण टॅक्सीतले गाणे टॅक्सीवाल्याच्या गावचे असे. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ट्रक-टेंपोंतून प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घाटाघाटांतून फिरला, तो कोणत्याही मोटार कारखान्याने बसविलेल्या यंत्रातून नव्हे.

आणि आजही, पश्चिम महाराष्ट्रात ज्याने उसाचा हंगाम पाहिला आहे, त्याला ट्रॅक्टरवरच्या भल्याथोरल्या स्पीकरांची ओळख करून द्यायला नको. मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे रंगीत दिवे, आणि कोसभर आधी कळावे इतक्या मोठ्याने गाणे. रात्ररात्र जागणाऱ्या त्या पोरांना झोप घालवायला दुसरा आधार नाही, हे खरे. परंतु त्या गाण्यात मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा बुडून जातो आणि वळणावर ट्रॉली कोणाच्या तरी अंगावर जाते, हेही तितकेच खरे. साखर कारखाने आणि पोलीस दर हंगामात ताकीद देतात. त्या ट्रॅक्टरांवर राबणाऱ्यांत शाळेच्या बाकांवरून नुकतीच उठलेली मुले असतात, म्हणून मास्तराला हा प्रश्न केवळ इतिहासाचा वाटत नाही. अमेरिकेत तीसच्या दशकात हरलेला आक्षेप आपल्या उसाच्या रस्त्यावर अजून जिवंत आहे.

५

आता त्या गंडांतराकडे वळू. १९८३ सालच्या काही गाड्यांसाठी जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाने आणि बोस कंपनीने मिळून एक संच केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो विशिष्ट गाडीच्या आतल्या पोकळीसाठी, तिच्या गाद्या-काचांचा विचार करून जुळविलेला होता. प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर. आवाज उत्तम होता. त्यात वाद नाही. पण त्यातला एक भाग बदलायचा म्हणजे सगळेच बदलावे लागे. कारखान्याचा संच आता इतका चांगला झाला की तो बदलण्याचे कारण कमी उरले, आणि इतका गुंतागुंतीचा झाला की तो बदलण्याची सोयही कमी उरली.

२००१ साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत आवाज तांब्याच्या तारेऐवजी काचेसारख्या पारदर्शक धाग्यातून प्रकाशाच्या रूपाने वाहू लागला. पुढे दार उघडे असल्याची सूचना, पट्टा न बांधल्याची टिणटिण, मागे येताना अडथळ्याचा इशारा, सारे त्याच संचातून बोलू लागले. ती १८० मिलिमीटरची खिडकी बुजली. तिच्या जागी सपाट पडदा आला. आज तो पडदा उचकटला तर गाडी मुकी होते, कधी आंधळीही होते.

मिस्त्री तरीही हरलेला नाही. त्याने पवित्रा बदलला आहे. तो कारखान्याचा संच जागेवर राहू देतो, स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतून आवाज काढून घेतो, एका लहान उपकरणाने तो नव्या ॲम्प्लिफायरला झेपेल इतका मवाळ करतो. परंतु कारखान्याने आपल्या स्वस्त स्पीकरांची उणीव झाकण्यासाठी आवाजात आधीच फेरफार केलेले असतात. ध्वनी वाढविला की खर्ज आपोआप कमी होतो, कारण नाजूक स्पीकर फाटू नये. मग गणित करणारे आणखी एक यंत्र मध्ये घालून ते सगळे फेरफार उलटे फिरवावे लागतात. जुन्या चित्रावरचे नंतरचे रंग खरवडून मूळ रेषा शोधावी तसे हे काम आहे.

कारखान्याची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. आजच्या गाडीत हवेच्या पिशव्या आहेत, आपोआप लागणारे ब्रेक आहेत. तेथे कोणीही येऊन तारा कापाव्या हे त्याला कसे परवडावे? ऊस-ट्रॅक्टरचे उदाहरण तर धन्याच्या स्वातंत्र्यालाही मर्यादा असावी असेच सांगते. परंतु सुरक्षिततेचे नाव पुढे करून जेव्हा मक्तेदारी मागून शिरते, तेव्हा तिला हटकले पाहिजे. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन-मॉस कायदा झाला. केवळ बाहेरचा भाग लावला एवढ्या कारणाने गाडीची हमी रद्द करता येणार नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखविले पाहिजे, असे त्याचे मर्म आहे. हा न्याय मला वाजवी वाटतो. २०२३ साली जनरल मोटर्सने जाहीर केले की त्यांच्या पुढच्या विजेच्या गाड्यांत धन्याच्या फोनचा पडदा गाडीच्या पडद्यावर उमटविण्याची सोय राहणार नाही; कंपनीचीच व्यवस्था वापरावी लागेल. त्याच वर्षी फोर्डने नव्या गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओ काढण्याचे ठरविले, आणि वादळ-पुराच्या वेळी त्याच लहरींवर सूचना मिळतात असा गिल्ला झाल्यावर तो बेत सोडून दिला. म्हणजे गिल्ला करण्याचा अजून उपयोग होतो.

हायवे हाय-फायची तबकडी आज संग्रहालयात आहे. ती वाईट होती म्हणून नव्हे. तिने ऐकणाऱ्याला निवड ठेवली नाही म्हणून. कॅसेट तिच्याहून किती तरी कमअस्सल, पण तिने खेड्यातल्या गायकाला हमरस्त्यावर आणले. नव्या गाड्या घडविणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावी. आणि गाडी विकत घेणाऱ्यांनी रंग, चाके आणि किंमत विचारून झाली की आणखी एक प्रश्न विचारावा: हिच्यात माझ्या पसंतीचे घुंगरू बांधायला जागा ठेवली आहे का?